आधी काडतूस, मग बंदूक



कवीने बंदुकीवर बोलावं, हे काहींना विचित्र वाटेल. पण आमच्या कळंब भागात हा विषय पारावर निघतो, चहाच्या टपरीवर निघतो, आडत दुकानातही निघतो. सोयाबीनला शेंगा धरल्या, ज्वारी निसवली की रानडुकरांचे कळप येतात. सकाळी शेतकरी बांधावर जातो तेव्हा उभं पीक आडवं झालेलं असतं. मग कुणीतरी रागाने म्हणतं, "सरकारने आम्हाला बंदुका द्याव्यात." माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने मला सरळच विचारलं, "चाचा, तुम्ही वाचणारे माणूस. परवाना मिळाला तर कोणती बंदूक चांगली?"

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. जिथे गिऱ्हाइकाच्या मापाने शिकारीची रायफल बनवून मिळते, त्या कारागिराकडे गेलं तर तो बंदुकीचं नाव नंतर काढतो. आधी विचारतो : कोणतं जनावर? किती अंतरावरून? आजूबाजूला काय असेल? या तीन उत्तरांवरून काडतूस ठरतं आणि काडतुसावरून बंदूक. आपण नेमके उलट्या बाजूने सुरुवात करतो.

आता अशी रायफल बनते कशी, ते पाहू. आपल्या दाराची कडी आठवा. उचलायची, मागे ओढायची, पुढे सारायची, खाली पाडायची. बोल्ट रायफलीचा खटका हुबेहूब असाच चालतो. मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे सारला की पेटीतलं नवं काडतूस नळीत जातं, आणि मूठ खाली पाडली की खटक्याचे दोन कान पोलादी खाचांत घट्ट बसतात. जर्मनीच्या माउझर कारखान्याने १८९८ मध्ये या रचनेला असं रूप दिलं, की सव्वाशे वर्षांनंतरही चांगले कारागीर तिचाच आधार घेतात.

खटक्यानंतर नळी. नळीच्या आत पीळ दिलेल्या खाचा असतात. त्या पिळामुळे गोळी भोवऱ्यासारखी गरगरत जाते आणि डळमळत नाही. गोळी लांब असेल तर पीळ जास्त हवा, आखूड असेल तर कमी चालतो. म्हणजे गोळी ठरल्याशिवाय पीळ ठरत नाही. काडतुसाच्या लांबीवर पेटीची लांबी ठरते, बुडाच्या जाडीवर खटक्याचं तोंड ठरतं. शेवटी लाकडी दस्ता, बहुधा अक्रोडाचा. तो शिंप्याने सदरा बेतावा तसा बेततात. हाताची लांबी, मानेची उंची, खांद्याची रुंदी, सगळं मोजून. खांद्याला लावताच डोळा आपोआप नेमाच्या रेषेत आला पाहिजे.

काडतूस निवडताना हौशी माणसाची पहिली ओढ मोठ्या गोळीकडे असते. पण मोठ्या काडतुसाचा धक्का मोठा. दोन-चार वेळा खांदा शेकला की माणूस चाप ओढण्याआधीच दचकायला लागतो, डोळे मिटतो, आणि नेम चुकतो. म्हणून जाणते लोक सांगतात, तुमच्या खांद्याला सोसेल त्यातलं पुरेसं काडतूस घ्या. आम्ही कवी शब्दांच्या बाबतीत हेच शिकतो. गझलेत त्याला वजन म्हणतात. ओळीला पेलेल एवढंच वजन द्यायचं.

जिम कॉर्बेटचं नाव आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. १९०७ मध्ये त्याने कुमाऊँमधली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. त्याबद्दल त्याला रिग्बी या इंग्रज कारागीर कंपनीची एक रायफल भेट मिळाली. तिची गोळी अवघी सात मिलिमीटरची. हत्तीच्या बंदुकांपुढे ही काडीच. पण हलकी, सरळ मारणारी, धक्का कमी. जवळच्या आणि धोक्याच्या कामासाठी त्याच्याकडे दुसरी, जड दुनळी होती. म्हणजे त्यानेही काम पाहून काडतूस वापरलं.

त्या वाघिणीच्या कथेतला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. मेल्यावर कॉर्बेटने तिचं तोंड उघडून पाहिलं. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे मोडलेले होते. त्याने लिहिलं आहे, की ही कुणाच्या तरी जुन्या गोळीची जखम होती. सुळे गेले, नेहमीची शिकार जमेना, आणि ती माणसांवर वळली. तिच्या बळींचा त्याने दिलेला आकडा आहे ४३६. कुणीतरी, कधीतरी, एक गोळी चुकीच्या जागी मारली आणि घरी निघून गेला. त्याची किंमत शेकडो घरांनी मोजली.

आपल्या देशात काडतूस निवडण्याचं काम शिकाऱ्याने कमी आणि सरकारने जास्त केलं, हाही एक इतिहास आहे. लष्कराच्या बंदुकीत चालेल ती गोळी रयतेच्या हाती पडू नये, ही इंग्रजांना धास्ती. १९०७ च्या सुमारास त्यांनी .४५० इंचाच्या रायफलींना हिंदुस्थानची दारं बंद केली. लंडनच्या कारागिरांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे इथले संस्थानिक आणि साहेब. त्यांनी लगोलग .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापं काढली. शिकार तीच, वाघ तोच, फक्त कायद्याला वळसा घालण्यापुरती नळी रुंद झाली. फौजेची .३०३ सुद्धा सामान्य माणसाला वर्ज्य होती. म्हणून आठ मिलिमीटरचं एक जुनं ऑस्ट्रियन काडतूस इथल्या बाजारासाठी पुढे आलं. त्यालाच आपण ३१५ बोर म्हणतो. स्वातंत्र्यानंतर त्याची रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनत राहिली. काडतुसं तर आपल्या पुण्याजवळच्या खडकीत बनली. १८६९ पासूनचा तो कारखाना आज म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे.

ही ३१५ कशी आहे? दणकट, साधी, बोजड. तिची गोळी सुमारे सोळा ग्रॅमची आणि संथ. कॉर्बेटच्या सात मिलिमीटरची नऊ-दहा ग्रॅमची आणि वेगवान. दोन्हींचा जोर जवळपास सारखा भरतो. पण शंभर मीटरला नेम बसवून दोनशे मीटरवर मारलं, तर ३१५ ची गोळी ढोबळमानाने दुप्पट खाली उतरते. काळजावर धरलेला नेम पोटात किंवा पायात बसतो. जनावर पडत नाही, पळतं.

गोळीच्या टोकाचीही एक गोष्ट आहे. पूर्ण तांब्याने मढवलेली गोळी अंगातून आरपार जाते. टोकाला शिसं उघडं ठेवलेली गोळी आत जाऊन फुलते. कोलकात्याजवळच्या डमडम इथे इंग्रजांनी अशा फुलणाऱ्या गोळ्या बनवल्या आणि त्या गावाचं नाव जगभर बदनाम झालं. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्यांवर बंदी घातली. शिकारीत मात्र जाणकार मऊ टोकाचीच गोळी वापरायला सांगतात. युद्धात समोरचा शिपाई जायबंदी झाला तरी काम भागतं. शिकारीत मुक्या जनावराला अर्धवट जखमी करून सोडणं, हाच मोठा अपराध.

मुसलमान शिकाऱ्यांच्या घरांतून ही गोष्ट धर्माच्या वाटेने शिकवली जाई. अल्लाहचं नाव घेऊन गोळी झाडायची, आणि जनावर जिवंत सापडलं तर ताबडतोब जबह करायचं. म्हणून बंदूकवाल्यामागे सुरीवाला धावायचा. जबहची घाई होतीच, पण त्यामुळे आणखी एक शिस्त लागायची. पडलेल्या जनावरापर्यंत पोचल्याशिवाय शिकार पुरी होत नसे.

आता शिकारीचा तो काळ राहिला नाही, आणि राहिला नाही हे चांगलंच झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार बंद केली. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराला किंवा रोह्याला मारण्याची वाट कायद्यात आहे, पण ती वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीतून जाते. काळविटाला तर हातही लावता येत नाही. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी देतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी पहिला विचार भरमार बंदुकीचा केलेला आहे. ती पुरेशी नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपली बारा बोर. या बारा आकड्याचा अर्थही सांगतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसते ती बारा बोर.

शेतकऱ्याला रायफल का नाही, बारा बोरच का? आमच्या शिवारात उभं राहून पाहा. बालाघाटाचा उतार सोडला तर मांजरेच्या काठची जमीन सपाट. रायफलीची गोळी नेम चुकून आडवी सुटली, तर तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. तेवढ्या अंतरात वस्ती आहे, रस्ता आहे, दारे धरणारा माणूस आहे, उसाच्या फडाशेजारी कोपी घालून झोपलेली लेकरं आहेत. गोळीमागे मातीचा उंचवटा नसेल, किंवा माचाणावरून खाली जमिनीत मारत नसू, तर रायफल उचलूच नये.

पण बारा बोरलाही मर्यादा आहे. तिचे मोठे छर्रे पस्तीस-चाळीस मीटरपर्यंत कामाचे. त्यापुढे ते पांगतात आणि नुसतं जखमी करतात. समजा, रात्री साठ-सत्तर मीटरवरून कुणी बार काढला. डुक्कर ओरडलं आणि उसात शिरलं. बंदूकवाला समाधानाने घरी गेला. पहाटे त्याच फडात कोयते घेऊन ऊसतोड करणारी जोडपी शिरणार आहेत. जखमी डुक्कर काय करतं, हे खेड्यातल्या माणसाला मी सांगायला नको. चंपावतची गोष्ट आपल्या फडातही घडू शकते.

काही जण परवान्याच्या फंदात न पडता कुंपणात वीज सोडतात, नाहीतर खाद्यात गावठी बॉम्ब ठेवतात. हे तर न पाहता झाडलेलं काडतूस. त्याला डुक्कर, बैल आणि शेजाऱ्याचा मुलगा यांतला फरक कळत नाही. महाराष्ट्रात अशा तारांनी माणसं मेली आहेत.

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या शेजारच्या येडशी रामलिंग अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून सुमारे पाचशे किलोमीटर चालत आलेला. जानेवारीत त्याला पकडायला पथक आलं, आणि आठवडे गेले तरी तो हाती लागला नाही. लोक हसले. मला मात्र त्यात जुनी शिस्त दिसली. बेशुद्धीचं इंजेक्शन झाडायचं तर जनावर बहुधा चाळीस-पन्नास मीटरच्या आत हवं, वजनाचा अंदाज घेऊन औषध भरायला हवं, आणि ते लागल्यावर वाघ कुठे जाईल, तेही आधी पाहायला हवं. हे जुळलं नाही तर चाप ओढायचा नाही.

शेतकऱ्याचा राग खोटा नाही. पंचनामा वेळेवर झाला पाहिजे, भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. डुकरं मारायचीच असतील, तर तालुक्यात शिकवलेले, जबाबदार नेमबाज असावेत आणि जखमी जनावराचा माग काढून काम पुरं करणं हा त्यांच्या कामाचाच भाग असावा. प्रत्येक बांधावर एक बंदूक, हा उपाय नाही.

त्या शेतकऱ्याला मी बंदुकीचं नाव सांगितलं नाही. त्याच्या शेतापलीकडे कुणाचं शेत आहे, रात्री तिथे कोण असतं, आणि जखमी डुकरामागे उसात कोण जाईल, एवढंच विचारलं. तो बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "चाचा, आधी हेच ठरवायला पाहिजे."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)