पाहुण्यांना घर देणारं ठाणं

१३२१ साली चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन ठाण्यात उतरले. टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि जॉर्जियाचे देमेत्रियस. त्यांना आसरा दिला इथल्या नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांनी. काही वर्षांनी आलेला प्रवासी ओडोरिक सांगतो, अशी पंधरा घरं गावात होती. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट! पुढे धर्मविषयक वादातून त्या चौघांचा वध झाला. ओडोरिकनं त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. मासुंदा तलावाजवळच्या चर्चला जाणाऱ्या प्रत्येक तरुणाला हा इतिहास ठाऊक असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

यात्रेकरूला घरी ठेवून घेण्याची हीच रीत आज कॅथलिक तरुणांच्या मेळाव्यात, जागतिक युवा दिनाच्या वेळी दिसते. मुख्य मेळाव्याआधी स्थानिक धर्मप्रांतांतली कुटुंबं परदेशी मुलामुलींना आपल्या घरी उतरवून घेतात. येशूसंघीयांचा ‘मॅजिस’ उपक्रमही तेव्हाच असतो. निरनिराळ्या देशांचे तरुण छोट्या गटांत मिसळतात, सेवाकार्य किंवा पायी यात्रा करतात, आणि संध्याकाळी दिवसभरात काय जाणवलं ते एकमेकांना सांगतात. भाषा तोडकीमोडकी असली तरी चालते. सालेशियन संघ डॉन बॉस्को परिवारातल्या तरुणांना स्वतंत्रपणे एकत्र आणतो.

पुढचा मेळावा दक्षिण कोरियात सोल इथे, ३ ते ८ ऑगस्ट २०२७. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या तरुणांनी जायचं ठरवलं असेल, तर आपल्या धर्मग्रामात आजच चौकशी करावी. पासपोर्टलाही वेळ लागतो.