पहिले अठ्ठावीस दिवस



इंदूरच्या या शाळेच्या पटावर नाव लागण्यापूर्वीच प्रत्येक मूल एका कठीण परीक्षेत उत्तीर्ण झालेले असते. ती परीक्षा म्हणजे जन्मानंतरचे पहिले २८ दिवस. पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या आपल्या देशातील बालकांपैकी निम्म्याहून अधिक याच दिवसांत जातात. २०२० सालच्या नमुना नोंदणीनुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण देशात हजारी २०, केरळात ४, तर आपल्या मध्य प्रदेशात ३१ होते. हा फरक दैवाचा नव्हे, व्यवस्थेचा आहे.

२००५ साली जननी सुरक्षा योजना आली आणि प्रसूती रुग्णालयांकडे वळल्या. ही प्रगती मोलाचीच. परंतु बाळंतीण दोनतीन दिवसांत घरी परतते. उरलेली परीक्षा घरातच द्यावी लागते. अपुऱ्या दिवसांचे मूल गारठते, दूध ओढीनासे होते, जंतुसंसर्ग हळूहळू बळावतो. आणि घरच्यांना ते उमजेपर्यंत उशीर झालेला असतो.

या प्रश्नाचे उत्तर गडचिरोलीत मिळाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ खेड्यांतील थोड्याबहुत शिकलेल्या स्त्रियांना बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे शिकविले. १९९३-९५ मध्ये तेथे हजारी ६२ असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण १९९८ पर्यंत सुमारे २५ वर उतरले.

२०११ पासून शासनाने गृहभेटींचे काम आशा कार्यकर्तीकडे सोपविले. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी सात. या साऱ्या भेटींचा मोबदला तेव्हा २५० रुपये ठरला. जिच्या हाती आपण मुलांचे प्राण सोपवितो, तिला शासन कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हणते. ही विसंगती मला अस्वस्थ करते. सेवाभावाची थोरवी गाऊन वेतनाचा प्रश्न टाळता येत नाही.

आपणांपैकी अनेकजण नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत, प्रशासनात अधिकारपदावर आहेत. त्यांना माझी एकच विनंती आहे. नव्या इमारतीचा कोनशिला समारंभ करण्यापूर्वी विचारा : गेल्या महिन्यात जन्मलेल्या किती बाळांच्या सर्व भेटी झाल्या? किती बाळांचे वजन झाले? आशाताईंच्या पिशवीतला वजनकाटा चालू आहे काय? त्यांचे पैसे वेळेवर मिळाले काय?

हे प्रश्न दरमहा विचारले गेले, तर आपल्या गुरुजनांची स्मृती आपण खऱ्या अर्थाने जपली, असे मी मानीन.