अन्न शिकावयास परदेशी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो 'परदेशी शिक्षण आणि आपल्या मुली' असा. विषय मोठा, आणि मिळालेली मिनिटे वीस. म्हणून त्यातला एकच कोपरा मी घेते. अन्न या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी परदेशी जावयाचे, आणि तेही घरचा पैसा न घालता, तर अर्ज कसा करावा लागतो? गेले दीड वर्ष आमच्या घरात हाच उद्योग चालला आहे. अर्ज माझ्या सुनेचा. पण कागद जुळवण्यात मी तिच्याबरोबर होते, तेव्हा बोलावयाचा थोडा अधिकार मला पोचतो असे समजते.

पहिला प्रश्न आपल्यापैकी पुष्कळजणींनी मला जिन्यात आणि भाजीबाजारात विचारलेला आहे. 'अहो, स्वयंपाक शिकायला का कुणी युरोपात जाते?' तर बायांनो, हा स्वयंपाकाचा वर्ग नव्हे. पीक कोठे येते, ते कोण पिकवते, टिकवते कसे, त्याचा इतिहास काय, कायदा काय, आणि ताटात पडेपर्यंत त्यातले किती पैसे कोणाच्या हाती राहतात, हे सगळे एकत्र अभ्यासावयाचे असा हा विषय आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क विद्यापीठाने १९९६ साली या विषयाचा अभ्यासक्रम सुरू केला. इटलीत पोलेंझो गावी २००४ पासून केवळ अन्नशास्त्राला वाहिलेले विद्यापीठ चालते. आपल्या देशात म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० पासून आहे आणि ती नावाजलेली आहे. पण तेथला भर नावाप्रमाणे तंत्रावर. तंत्र, कायदा आणि बाजार एका छपराखाली शिकावयाचे असतील तर अजून दूर पाहावे लागते.

आणि आपल्या बायकांनी दूर पाहिले नाही असेही नाही. कमलाबाई सोहोनींचे नाव आपण जाणता. मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने घेऊन त्या १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा मुलगी म्हणून त्यांना आधी नकार मिळाला आणि मग अटी घालून प्रवेश. त्यांनी तेथे काम करून दाखवले, शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली तेथली डॉक्टरेट घेऊन परत आल्या. परत येऊन काम कशावर केले? नीरा, कडधान्ये, गरिबांच्या ताटातले पोषण यांवर. माझ्या सुनेच्या टेबलावर त्यांचे चित्र लावलेले आहे. मी लावलेले नाही, तिनेच.

आता शिष्यवृत्त्यांकडे येते. युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडुस नावाची योजना २००४ पासून आहे. तीत दोन-तीन देशांतील विद्यापीठे मिळून एक अभ्यासक्रम चालवतात आणि विद्यार्थिनी सहा-सहा महिने एकेका देशात शिकते. अन्नावरचा असा एक अभ्यासक्रम पॅरिस आणि डब्लिन, नंतर नेपल्स किंवा लुंड, असा फिरतो. शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ, विमा त्यांचा, आणि महिन्याला १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. आजच्या दराने हे सव्वा लाख रुपयांहून अधिक होतात. ऐकताना डोळे मोठे होतात, पण प्रवास, व्हिसा, खोलीभाडे, जेवण सारे त्यातच बसवावयाचे, आणि पहिला हप्ता तेथे पोचल्यावर. म्हणजे पहिले तिकीट आणि खोलीची अनामत घरूनच. नवरा-मुलांसाठी वेगळा भत्ता नाही. शिवाय प्रत्येक अभ्यासक्रमास हा पैसा ठरावीक तुकड्यांपुरताच मिळतो. तेव्हा यंदा तो आहे की संपला, हे अर्जाआधी पाहून घ्यावे.

ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाची. तिला दोन वर्षांच्या, म्हणजे २८०० तासांच्या, कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षे स्वदेशी परत येऊन राहावे लागते. मला ही अट फार आवडली. सुनेला तितकीशी नाही. राष्ट्रकुल शिष्यवृत्ती १९५९ पासूनची जुनी. आपल्या महाराष्ट्र शासनाच्या समाजकल्याण खात्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि तीत जगाच्या क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठातला प्रवेश लागतो. आपल्या पलीकडच्या गल्लीतल्या दोन मुलींना मी ही माहिती मुद्दाम पोचवली. टाटांचा १८९२ सालचा निधीही आहे, पण ते कर्ज आहे, फेडावे लागते, हे ध्यानात असू द्यावे.

अर्जाला लागणारे कागद म्हणजे पदवीपत्र, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, विद्यापीठाने मोहोरबंद दिलेला गुणांचा उतारा, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, पासपोर्ट, रहिवासाचा पुरावा, दोन शिफारसपत्रे आणि आपण होऊन लिहिलेले एक पत्र. इंग्रजीच्या परीक्षेचीच फी सतरा हजारांवर गेली आहे आणि निकाल दोनच वर्षे चालतो. म्हणून ती उगाच लवकर देऊ नये.

पण खरी खोच आहे ती नावात. पुरुषांना ही कधी कळावयाची नाही! सुनेची पदवी माहेरच्या नावाची. पासपोर्ट सासरच्या नावाचा. एका गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव मध्ये, दुसरीवर आईचे नाव शेवटी, आणि तिसरीवर आडनाव आधी. परदेशातल्या कारकुनाला या चार बायका वाटल्या तर त्याचा काय दोष? मग विवाह नोंदणीचा दाखला काढा, तो इंग्रजीत काढा, प्रतिज्ञापत्र करा. उताऱ्यासाठी एका कार्यालयात (नाव घेत नाही) आम्ही पाच खेपा घातल्या. दर खेपेला खिडकीवर नवा माणूस आणि त्याचा नवा नियम. पाचव्या खेपेला मी स्वतः गेले, डबा घेऊन गेले, आणि बाकावर बसून राहिले. चार वाजता उतारा हातात पडला. म्हणून लग्नानंतर मुलींच्या नावाचे काय करावयाचे ते करा, पण पासपोर्टाला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करा. माझे मत विचाराल तर पदवीचे नाव राहू द्यावे.

शिफारसपत्रे कोणाची घ्यावी? मोठ्या हुद्द्याच्या माणसाची घ्यावी असे माझ्या मुलाचे म्हणणे पडले. सुनेने ते ऐकले नाही. तिने एक पत्र घेतले महाविद्यालयात तिला प्रयोगशाळेत शिकवणाऱ्या बाईंचे आणि दुसरे ती काम करते त्या छोट्या कारखान्याच्या तपासनीसाचे. दोघांनी तिचे काम रोज पाहिलेले. ज्याने आपल्याला ओळखलेच नाही तो लिहून लिहून काय लिहिणार, 'सुशील आणि कष्टाळू' एवढेच ना?

आता त्या पत्राविषयी, जे आपण होऊन लिहावयाचे. मी का आले, मला काय शिकावयाचे, शिकून काय करणार, हे दीड-दोन पानांत. सुनेचा पहिला मसुदा 'लहानपणापासून मला अन्नाची आवड' असा सुरू झाला. अशी आवड कोणाला नसते? मी तिला म्हटले, तू रविवारी मंडळात येऊन जे करतेस ते लिही ना.

आपल्या कडक भाकरीच्या विभागात ती काय करते हे आपण पाहिले आहेच. पुष्कळजणींनी हसूनही घेतले आहे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन नाही, म्हणून आपण उकळते पाणी घालतो, हाताने रगडून मळतो आणि मग ती भाकरी थापली जाते. आजी सांगे तसे आपण करत आलो; त्यात पिठाचा स्टार्च फुगून पीठ बांधून धरतो, हे तिने आपल्याला समजावले. पावसाळ्यात भाकरी सादळते, जुने पीठ खवट होते आणि माल परत येतो. तो परत आलेला माल कोणाच्या अंगावर पडतो? बनवणारणीच्या. मागच्या आषाढात तिने तीन प्रकारच्या पिशव्यांत भाकऱ्या भरल्या, रोज सकाळी काट्यावर तोलल्या आणि वहीत मांडल्या. कोणत्या पिशवीत किती दिवसांनी वजन वाढले, म्हणजे किती ओल शिरली, हे त्या वहीत आहे. आपल्या जनाबाईंसारख्या बायकांना भाकरीमागे काय सुटते तेही तिने एका रकान्यात लिहिले. तीच वही तिने पत्रात उतरवली.

आणि पुढे लिहिले ते असे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भारताने मांडलेल्या ठरावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष पाळले. पण नाव मिळाले म्हणजे भाव मिळतोच असे नाही. युरोपात १९९२ पासून गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चीजला आणि तशा पदार्थांना कायद्याचे संरक्षण आहे, आणि तेथले छोटे उत्पादक संघ करून ते नाव राखतात. ते संघ कसे चालतात, तपासणी कोण करतो, पैसा कसा वाटला जातो, हे मला शिकावयाचे आहे, आणि सोलापुरात परत येऊन भाकरी करणाऱ्या बायकांचा तसा संघ उभा करावयाचा आहे. मला इंग्रजी बेताचे येते. तरी ते पान तिने वाचून दाखवले तेव्हा मी डोळ्याला पदर लावला.

आता घरातली गोष्ट. आमची नात सहा वर्षांची आहे. दोन वर्षे आई नाही म्हणजे काय, हे मला कोणी सांगावयास नको. शेजारच्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन म्हटले, 'तुम्ही सासू असून होकार कसा दिलात?' मी सासू आहे म्हणूनच दिला. नातीचे दप्तर, डबा, ताप, परवचा हे मी सांभाळीन; माझे गुडघे दुखतात ते बसले तरी दुखतात. मुलाने आधी तोंड फुगवले, मग स्वतः वरण-भात लावायला शिकला. वरणाविषयी अधिक बोलत नाही.

निकाल चैत्रात आला. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती नाही; राखीव यादीत सातवा क्रमांक. स्वतःच्या खर्चाने यावयाचे असल्यास जागा आहे, असे त्यांनी कळवले. मुलगा कर्ज काढू म्हणाला, हे मी त्याच्या बाजूने मुद्दाम सांगते. सुनेने रात्रभर हिशेब केला आणि सकाळी 'नाही' म्हटले. दोन वर्षांची फी आणि राहणे मिळून घर गहाण पडले असते, आणि मग परत आल्यावर मोठ्या पगाराच्या मागे धावावे लागले असते. भाकरीचा संघ राहिला असता बाजूला. मला तिचे म्हणणे पटले. मुलाला अजून पुरते पटलेले नाही. जेवताना अधूनमधून विषय निघतो.

वरच्यांपैकी कोणी जागा सोडली तर यादी पुढे सरकते. गेल्या आठवड्यात क्रमांक चौथा झाला. नाही झाले तर ती पुढच्या हिवाळ्यात पुन्हा अर्ज करणार आहे, आणि या खेपेस चेव्हनिंगलाही. इंग्रजीचा निकाल तोवर चालू राहतो, म्हणून ते सतरा हजार वाचले.

सर्व कागदांचा एकेक नमुना, नावाच्या प्रतिज्ञापत्रासकट, मी एका फायलीत लावून ठेवला आहे. आपल्यापैकी कोणाच्या लेकीला, सुनेला पाहिजे असेल तर गुरुवारी दुपारी तीननंतर आमच्याकडे यावे. फाईल घरी नेता येणार नाही. पण बसून उतरवून घेता येईल, आणि चहा मिळेल.