वाळूच्या कणाएवढा शंख आणि त्याचे नाव
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



दिल्लीपासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. तरीही येथील मराठी घरांत तो देवघरातील शंखाच्या रूपाने नांदतो. आजचा विषय मात्र त्या शंखाच्या फार धाकट्या भावंडाचा आहे. ते भावंड तांदळाच्या दाण्याएवढे, कधी मोहरीएवढे असते. पुळणीवर चालणाऱ्याच्या पायाखाली अशी शेकडो कवचे असतात आणि तो त्यांना वाळू समजतो. अशा एखाद्या कवचावरून नवी प्रजाती कशी ओळखली जाते आणि तिला मिळालेल्या नावाचे मोल काय, हे येथे सांगावयाचे आहे.

आरंभ मुंबईपासून करणे उचित ठरेल. अलेक्झांडर अॅबरक्रॉम्बी या संग्राहकाने मुंबईच्या किनाऱ्यावर वेचलेले शंख इंग्लंडमधील जेम्स कॉस्मो मेलविल या अभ्यासकाकडे गेले. मेलविल यांनी 1893 साली मँचेस्टर येथील विद्वत्सभेच्या नियतकालिकात त्यांतील पंचवीस नव्या प्रजातींची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांपैकी एकीचे नाव ‘कोंकणेन्सिस’, तर दुसरीचे ‘मझगॉनिका’. कोकण आणि माझगाव ही आपली दोन स्थलनामे अशा रीतीने शास्त्राच्या लॅटिन भाषेत शिरली. मझगॉनिका आज ‘गिबेरुला’ या वंशात गणली जाते. या वंशातील शंख बहुधा काही मिलिमीटरांचेच, गुळगुळीत आणि चकचकीत असतात. माझगाव म्हटले की आज गोदी आणि जहाजबांधणीचा कारखाना डोळ्यांपुढे येतो. तेथील किनाऱ्याचे रूप पालटले, पण हे इवलेसे नाव टिकून आहे.

असे वर्णन करण्याची रीत मोठ्या धीराची आहे. किनाऱ्यावरची किंवा समुद्रतळाची वाळू आणून धुतात आणि बारीक चाळण्यांतून गाळतात. मग ती सुकवून थोडीथोडी सूक्ष्मदर्शकाखाली पसरतात आणि ओलसर कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच वेगळे करतात. मग मोजमाप सुरू होते. उंची किती, रुंदी किती, वेढे किती, दोन वेढ्यांमधली शिवण खोल आहे की उथळ, हे टिपले जाते. पृष्ठभागावर आडव्या रेघा आहेत की उभ्या बरगड्या, मुखाचा आकार कसा, ओठ जाड की पातळ, आत दातांसारख्या गाठी आहेत की नाहीत, यांचीही नोंद होते. आज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे केसाहून सूक्ष्म नक्षीही छायाचित्रात पकडता येते. मेलविल यांच्या पिढीजवळ भिंग, साधा सूक्ष्मदर्शक आणि चित्रकाराचा हात एवढेच होते.

या कामात शब्दांची काटेकोरता किती लागते, याचे उत्तम उदाहरण देवघरातच सापडते. दक्षिणावर्ती शंख दुर्मीळ आणि म्हणून पूज्य मानला जातो. शास्त्रज्ञ मात्र त्याच शंखाला डाव्या वळणाचा म्हणतात! दोघांपैकी कोणीही चुकलेले नाही. शास्त्रज्ञ शंखाचे शिखर वर आणि मुख स्वतःकडे करून धरतात आणि मुख कोणत्या हाताला येते ते पाहतात. परंपरेत शंख धरण्याची रीत उलटी आहे. वस्तू एकच असली, तरी धरण्याची पद्धत बदलली की उजव्याचे डावे होते. म्हणून वर्णन करणाऱ्याने आधी पाहण्याचा नियम ठरवायचा आणि मगच पाहायचे, ही शिस्त या शास्त्राने स्वीकारली आहे.

शंखाचा एक गुण विलक्षण आहे. प्राणी वाढतो तसा तो मुखाच्या कडेला नवा चुना जोडत जातो, पण जुने घर टाकून देत नाही. त्यामुळे त्याचे बालपण शिखराच्या टोकावर जपलेले राहते. तेथील पहिले इवलेसे वेढे हे अर्भकावस्थेतील कवच होय. ते बारीक आणि अनेक वेढ्यांचे असेल, तर तो जीव पाण्यात तरंगत, सूक्ष्म अन्न खात दूरवर गेला असावा. ते मोठे, बोथट आणि थोड्या वेढ्यांचे असेल, तर त्याने तरंगणारे बालपण फारसे अनुभवलेच नसावे. पहिल्या प्रकारची प्रजाती विस्तीर्ण किनाऱ्यांवर पसरू शकते, तर दुसऱ्या प्रकारची बहुधा थोड्या टापूत अडकून राहते. अर्ध्या मिलिमीटरच्या टोकावरून एवढे वाचता येते.

तरीही केवळ कवचावर विसंबण्यात धोका आहे. लाटांच्या माऱ्याने नक्षी झिजते, पिलाचे कवच प्रौढासारखे दिसत नाही आणि खडकाखडकानुसार एकाच प्रजातीचे रूप बदलते. युरोपच्या खडकाळ किनाऱ्यांवरील ‘लिटोरिना सॅक्साटिलिस’ ही एकच गोगलगाय आपल्या बदलत्या रूपांमुळे शंभराहून अधिक नावांनी वर्णिली गेली. म्हणून नवे नाव देण्यापूर्वी जुने सर्व ग्रंथ चाळावे लागतात आणि मूळ नमुने पाहावे लागतात. शक्य तेथे प्राण्याची शरीररचना आणि डीएनए यांचीही साक्ष घ्यावी लागते. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने 2024 साली बंगाल-ओडिशाच्या किनाऱ्यावरील एक नवी समुद्री गोगलगाय जाहीर केली. तिची लांबी जेमतेम सात मिलिमीटर, आणि तिचे कवच शरीराच्या आत दडलेले. तेथे एकट्या कवचाने काम भागले नसते. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या सन्मानार्थ तिला ‘मेलॅनोक्लॅमिस द्रौपदी’ हे नाव मिळाले आणि वाळूतल्या एका जिवाचे नाते दिल्लीतील राष्ट्रपती भवनाशी जुळले.

वर्णन छापून झाले म्हणजे काम संपत नाही. ज्या एका नमुन्यावर नाव आधारलेले असते त्याला होलोटाइप म्हणतात. पुढे शंका आली की अभ्यासक त्याच्याकडेच परततात. म्हणून तो घरच्या कपाटात न राहता सार्वजनिक संग्रहात असावा लागतो. मेलविल यांच्या संग्रहाचा मोठा भाग आज वेल्समधील कार्डिफच्या संग्रहालयात आहे. आपल्या किनाऱ्याची ओळख पटवण्यासाठी तेथवर जावे लागते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. संसदेने 2002 साली केलेल्या जैवविविधता कायद्यानुसार आता नव्या प्रजातीचे नमुने देशातील नियुक्त संस्थांकडे सोपवणे बंधनकारक आहे. मात्र सोपवलेले जपलेही पाहिजे. मंडी हाउसजवळील राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालय 1978 साली सुरू झाले. दिल्लीच्या कित्येक पिढ्यांनी शाळेच्या सहलीत ते पाहिले. 26 एप्रिल 2016 च्या पहाटे ते आगीत भस्मसात झाले. पुस्तक जळाले तर दुसरी प्रत मिळू शकते. नमुना जळाला तर त्याची दुसरी प्रत नसते.

एवढ्याशा कवचासाठी इतका खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. न्यू कॅलेडोनियातील एका प्रवाळक्षेत्राच्या पाहणीचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. त्या एकाच ठिकाणी मृदुकाय प्राण्यांच्या 2738 प्रजाती आढळल्या. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश प्रजाती प्रौढपणीही जेमतेम चार मिलिमीटरच्या होत्या आणि सुमारे एक पंचमांश प्रजातींचा एकेकच नमुना हाती लागला. समुद्रातील विविधतेचा मोठा वाटा असा सूक्ष्म आणि दुर्मीळ असतो. इकडे किनाऱ्यांवर भराव पडत आहेत, बंदरे आणि रस्ते होत आहेत. त्यांतील काही कामे गरजेचीही असतील. परंतु तेथे काय होते याची यादीच नसेल, तर काय गेले याचा हिशेब कोणी मांडायचा? ज्याला नाव नाही त्याची बाजू कोणत्याही कागदावर मांडता येत नाही.

समुद्रापासून दूर असलेल्या या शहरात साठ वर्षे मराठी शिकवणाऱ्या शाळेला हा विचार परका वाटू नये. नेमका शब्द शोधणे आणि तो पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप देणे हेच तिचेही कार्य आहे. पुढच्या सुटीत येथील विद्यार्थी कोकणात आजोळी जातील तेव्हा त्यांनी मूठभर वाळू भिंगाखाली अवश्य पाहावी आणि पाहून ती किनाऱ्यालाच परत करावी. जे दिसेल त्याची तारीख, ठिकाण आणि चित्र मात्र वहीत नोंदवून ठेवावे. शास्त्राचा आरंभ अशाच नोंदीतून होतो.