वास यंत्राचा की घराचा?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा रत्नागिरीत हवा शुद्ध करायला यंत्र लागेल असं कोणी म्हटलं असतं, तर त्याला आपण मांडवीच्या किनाऱ्यावर वारा खायला पाठवलं असतं. आज आपल्या तिन्ही विंगमध्ये मिळून डझनभर तरी एअर प्युरिफायर आहेत. कोणाला दमा आहे, कोणाच्या नातवाला धुळीची ॲलर्जी आहे, कोणाच्या मुलाने पुण्याहून येताना आणून ठेवला आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणाची तांबडी धूळ आपण सगळ्यांनीच खाल्ली आहे, तेव्हा हौस म्हणून कोणी घेतलं असं मी म्हणणार नाही. पण गेले दोन-तीन पावसाळे माझ्या दारावरची बेल वाजते ती एकाच कारणासाठी. "बाई, मशीनला घाण वास येतो, जरा बघता का?"

मी रसायनशास्त्राची शिक्षिका, मेकॅनिक नव्हे. पण माझं नाक तिखट आहे अशी ख्याती असल्यामुळे आजचा विषय सचिवांनी माझ्या गळ्यात घातला.

आधी यंत्राच्या पोटात काय असतं ते सांगते. फार काही नसतं. एक पंखा आणि त्याच्या वाटेत तीन अडसर. पहिली जाळी, तिच्यात केस, कापसाचे तंतू, जाडी धूळ अडकते. दुसरा तो घड्या घातलेला पांढरा, कागदासारखा दिसणारा फिल्टर, म्हणजे हेपा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवायला असे फिल्टर तयार झाले. चांगला हेपा ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. पण वास म्हणजे कण नव्हे, वायू. वासाचे रेणू हेपातून सरळ पलीकडे जातात. त्यांना धरायचं काम तिसऱ्या फिल्टरचं, कोळशाच्या. हा कोळसा पुष्कळदा नारळाच्या करवंटीचा असतो, हे आपल्या कोकणात सांगायलाच हवं. करवंटीचा कोळसा करून तो वाफेत खूप तापवला की त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. एक ग्रॅम कोळशातल्या छिद्रांचा पृष्ठभाग पसरला तर हजार चौरस मीटरच्या घरात जातो. म्हणजे आपले दहा-बारा फ्लॅट. स्वस्तातल्या यंत्रात मात्र हा कोळसा स्पंजावर तीळ भुरभुरावेत तेवढाच असतो. घेताना फिल्टर हातात धरून वजन बघा.

आता वास. यंत्राच्या पुस्तिकेत सगळ्याला एकच शब्द असतो, ‘दुर्गंधी’. आपल्या आज्यांकडे एवढी गरिबी नव्हती. कुबट, कोंदट, खवट, ओशट, आंबूस, वशट, करपट, जळकट, उग्र. यातला नेमका शब्द सापडला की निम्मं निदान झालं, असा माझा अनुभव आहे. म्हणून मला बोलवायला येणाऱ्यांना मी आधी विचारते, "घाण म्हणजे कसला?"

अडचण एवढीच, की ज्याच्या घरात वास, त्यालाच तो कळत नाही. नाकाला सवय होते; काही मिनिटांत ते सततच्या वासाची दखल घेणं सोडतं. तेव्हा परीक्षा बाहेरून आलेल्याने करावी. शाळेतून आलेलं पोर सगळ्यात उत्तम, ते तोंडावर सांगतं. यंत्राचं बटण बंद करून प्लग काढायचा, प्रत्येक फिल्टर वेगळ्या स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून दोन तास ठेवायचा आणि मग एकेक पिशवी हुंगायला द्यायची. यंत्राचं रिकामं पोटही हुंगायचं. वास कुठल्या पिशवीत आहे ते लगेच कळतं. एका घरी कुठल्याच पिशवीत नव्हता. पंख्याच्या मागे पाल मरून वाळली होती.

आपल्याकडचा मुख्य वास कुबट. दहांतल्या सात घरी हाच. याचं मूळ यंत्रात नाही, आपल्या हवेत आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि समुद्र उशाशी. वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण घरात येतात आणि यंत्र इमानदारीने ते धरून ठेवतं. मीठ काय करतं ते स्वयंपाकघरात बघा. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं म्हणून आपण बरणीत तांदळाचे दाणे टाकतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. जुलैत आपल्याकडे ती किती असते, ते न वाळणाऱ्या टॉवेलला विचारा. म्हणजे फिल्टरवरची धूळ ओली होते. धूळ म्हणजे आपल्याच कातडीचे कण, कापसाचे तंतू, झुरळांचे तुकडे. बुरशीला याहून चांगलं ताट कोण वाढणार? कोरड्या गावांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत हे सापडायचं नाही.

गंमत अशी, की पहिल्या पावसानंतर मातीचा जो सुवास आपण छाती भरून घेतो, त्यातला मुख्य रेणू, जिओस्मिन, मातीतले जिवाणू तयार करतात आणि काही बुरश्याही करतात. अंगणात तो मृद्गंध, बेडरूममध्ये तोच कुबट.

यावर उपाय. जाळी साबणाच्या पाण्याने धुवायची आणि पूर्ण सुकल्याशिवाय बसवायची नाही; पावसाळ्यात त्याला दोन दिवससुद्धा लागतात. हेपा धुवायचा नाही. नळाखाली धरला की त्याचे तंतू आणि घड्या बिघडतात आणि तो नुसता दिसायला फिल्टर उरतो. त्यावर काळे-हिरवे ठिपके दिसले तर उन्हात टाकून तो पुन्हा वापरू नये, बदलावा. यंत्र पावसाळ्यात दोन तास चालू, बावीस तास बंद असं ठेवू नका. बंद असताना ओलावा बसतो. दम्याचा माणूस घरात असेल तर हळू वेगावर सतत चालू ठेवा. नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची धूळ पावसाने बसलेलीच असते, तेव्हा फिल्टर कोरडे असतानाच काढा, सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट पिशवीत ठेवा आणि गणपतीनंतर बाहेर काढा. विजेचं बिलही वाचेल. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ फार महाग नसतं, ते घ्या. घरातला आकडा साठच्या खाली राहिला तर बुरशीला जोर धरता येत नाही. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी तो ड्राय मोडवर चालवावा. आणि खिडक्या सताड उघड्या टाकून यंत्र चालवू नये. अरबी समुद्र गाळून संपायचा नाही.

इथे एक हकिगत सांगते, घर सांगणार नाही. एका कुटुंबाने एका पावसाळ्यात तीन फिल्टर बदलले. दर वेळी आठ-दहा दिवसांत कुबट वास परत. घरात दम्याचा मुलगा, त्यामुळे यंत्र बंदही ठेवता येईना, आणि त्याचा खोकला काही थांबेना. मी यंत्र दोन दिवस हॉलमध्ये ठेवायला सांगितलं. वास नाही. परत बेडरूममध्ये नेलं, वास हजर. मग कपाट ओढलं. मागची भिंत वीतभर उंचीपर्यंत ओली, कपाटाच्या पाठीला पांढरी बुरशी. नैर्ऋत्येच्या पावसाचा मारा त्याच भिंतीवर, आणि बाहेर गिलाव्याला बारीक भेग. यंत्र बिचारं भिंतीचं दुखणं सांगत होतं आणि शिक्षा फिल्टरला होत होती.

आता हे ऐकून पहिल्या रांगेतली मंडळी सावरून बसली, ते मला दिसतंय. आपल्या उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. घरातल्या संडास-बाथरूम, सिंकची गळती सभासदाने. ती भेग समितीने भरून घेतली. बिलावरून झालेली चर्चा इतिवृत्तात आहे, ती मी इथे उगाळत नाही. एवढंच म्हणते, की फिल्टरवर तिसऱ्यांदा पैसे घालण्याआधी कपाट ओढून बघा आणि ओल दिसली तर लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं जिन्यातच राहतं.

वशट आणि खवट वास स्वयंपाकघराचे. मिरकरवाड्यावरून आणलेला बांगडा कितीही ताजा असो, ठेवला की त्यात ट्रायमिथिल अमाईन तयार होऊ लागतं. ते अल्कधर्मी, आंबट पदार्थ लागला की त्याचा क्षार होतो आणि क्षार हवेत उडत नाही. आमसूल, आगळ, चिंच, लिंबू यांचं माशाशी लग्न आपल्या पणज्यांनी रसायनशास्त्र न शिकता लावून दिलं. यंत्राला मात्र आमसूल लावता येत नाही. तळणाचा तेलकट धूर फिल्टरात बसतो आणि तिथेच खवट होतो. तेल लागलेला हेपा पुन्हा सुधारत नाही. तळताना स्वयंपाकघराचं दार लावा, एक्झॉस्ट पंखा लावा आणि यंत्र तिथून लांब ठेवा.

आंबूस वास आला तर कोळशाचं पोट भरलं समजा. उदबत्ती, डासांची कॉइल, गणपतीआधी मारलेला रंग, सगळं त्याने गिळलेलं असतं. हवा दमट झाली की पाणी छिद्रांत शिरतं आणि धरलेले वास बाहेर ढकलतं. तो फिल्टर बदलणं एवढाच इलाज. यंत्रावरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. बहुतेक यंत्रांत तो फक्त तास मोजतो, वास नाही. नव्या फिल्टरला गोंदाचा, प्लॅस्टिकचा वास येतो, तो चार दिवसांत जातो.

आता जरा लक्ष देऊन ऐका. झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा, किंवा वीज कडाडून गेल्यावर येतो तसा, नाकाला झोंबणारा, ‘स्वच्छ’ वाटणारा वास. हा ओझोन. १८४० मध्ये शोनबाइन नावाच्या शास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं, तेच ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. आकाशात फार उंचावर तो आपलं रक्षण करतो. खोलीत तो फुफ्फुसाला जाळतो. यंत्रावर ‘आयन’, ‘प्लाझ्मा’ असं बटण असेल, किंवा आत काही प्रकारचे अतिनील दिवे असतील, तर ओझोन तयार होऊ शकतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने घरगुती यंत्रांसाठी त्यावर दहा लाखांत ०.०५ भाग अशी मर्यादा घातली आहे.

आपल्याच इमारतीतल्या एका आजींना पहाटे खोकल्याची उबळ यायची. दमा जुना. दुकानदाराने सांगितलं होतं, की हे बटण म्हणजे समुद्रकिनाऱ्याची हवा. (भाट्याचा किनारा इथून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे, पण असो.) बटण रात्रभर चालू, खोली बंद, आणि यंत्राचा ‘विचित्र वास’ लपवायला लिंबाच्या वासाचा रूम फ्रेशनर. लिंबाच्या वासातलं लिमोनीन आणि ओझोन एकत्र आले की फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. म्हणजे जे गाळायला यंत्र आणलं, तेच खोलीत तयार होत होतं. मी बटण बंद केलं, फ्रेशनर कचऱ्यात टाकला आणि आजींना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. खोकला कशाने कमी झाला ते डॉक्टरांनी सांगायचं. आजी आता पहाटे उठतात त्या काकड आरती लावायला, एवढं खालच्या मजल्यावरून मला ऐकू येतं.

जळकट किंवा करपट वास आला तर हुंगत बसू नका. प्लग काढा, आणि तंत्रज्ञाने बघेपर्यंत पुन्हा लावू नका. खाऱ्या हवेने तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो, जोड तापतो. प्लगच्या पिना काळवंडल्या असतील तर सॉकेटही बदला.

आणि गॅस. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा म्हणण्यासारखा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात. १९३७ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या एका शाळेत बिनवासाचा नैसर्गिक वायू साठून स्फोट झाला, तीनशेच्या आसपास माणसं गेली, बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसला वास लावायचे कायदे झाले. तो सडक्या कोबीसारखा वास आला तर तो यंत्राचा म्हणून यंत्राजवळ जाऊ नका. कुठलंही बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा. घरातलं यंत्र हा वायू गाळत नाही. कार्बन मोनॉक्साइडही गाळत नाही, आणि त्याला तर वासच नसतो. म्हणून बंद खोलीत शेगडी ठेवून यंत्रावर भरवसा नको.

जुने फिल्टर टाकताना पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्या. गॅलरीतून झटकू नका, खाली लोकांचे कपडे वाळत असतात. माझेही असतात.

प्रश्न असतील तर आता विचारा. ज्यांनी आपला फिल्टर दाखवायला पिशवीत घालून आणला आहे, त्यांनी ती पिशवी इथे सभागृहात उघडू नये. चहानंतर आपण खाली पार्किंगमध्ये उघडू.