हजेरीकडून उक्त्याकडे

हजेरीवर काम करणाऱ्या गवंड्याला दिवसाचे पैसे मिळतात, उक्ते काम अंगावर घेणाऱ्याला मोजमापाचे. सेंट्रिंगवाला, फरशी बसवणारा, रंगारी, प्लंबर यांचेही तसेच. लोणारसारख्या तालुक्याच्या गावात बरीच वर्षे मिस्त्री म्हणून राबलेला कारागीर हा बदल दोन वाटांनी करतो. एक, घरमालकाकडून थेट मजुरीवर काम घेणे. सिमेंट, रेती, विटा मालकाच्या, हात कारागिराचे. दुसरी, मोठ्या ठेकेदाराकडून कामाचा एक तुकडा घेणे, म्हणजे पेटी ठेका. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. बुलडाणा जिल्ह्यातून जाणाऱ्या अशा मोठ्या कामांत गटार, कुंपणभिंत, दगडी पिचिंग असे तुकडे लहान ठेकेदारांकडे येतात. पेटी ठेक्यात काम मोठे असते, पण पैसे वरच्याला मिळाल्यावरच खाली झिरपतात.

या बदलात सर्वांत जास्त माणसे दरात फसतात. समजा, हजार चौरस फूट गिलावा आहे. दोन मिस्त्री आणि दोन बिगारी यांना पाच दिवस लागतात. मिस्त्रीची मजुरी 800 आणि बिगाऱ्याची 500 धरली, तर दिवसाचे 2,600 आणि पाच दिवसांचे 13,000 रुपये होतात. म्हणजे नुसती मजुरीच चौरस फुटाला 13 रुपये पडते. अशा वेळी 14 रुपये दर सांगणाऱ्याला हजार रुपये सुटल्यासारखे वाटतात. वरच्या ठेकेदाराने 5 टक्के, म्हणजे 700 रुपये, अनामत म्हणून रोखले की हातात 300 उरतात. परांची बांधायचे बांबू-फळ्या, मिक्सरचे भाडे, माप घ्यायला गेलेला दिवस, पोकळ वाजणारा गिलावा पुन्हा करण्याचा खर्च, हे सगळे त्या 300 रुपयांत बसवायचे असते. पावसाळ्यातले बसून काढावे लागणारे दिवस तर हिशेबात आलेलेच नसतात. हजेरीत परांची, मिक्सर आणि दुरुस्तीचा भार मालक उचलतो. म्हणून उक्त्याचा दर रोजाच्या हिशेबापेक्षा चांगला वर असावा लागतो. काम मिळवण्यासाठी तो खाली आणणारा कारागीर स्वतःचीच मजुरी सोडून देत असतो.

खोदाईचा दर त्याहून अवघड. ती ब्रासवर मोजतात आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. लोणार गाव विवराच्या काठावर वसले आहे. उल्कापाताच्या आघाताने उडालेल्या दगडमातीचा थर विवराभोवती किलोमीटरभराहून लांब पसरला आहे, आणि त्याखाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे. एका कोपऱ्यात फावडे सहज जाते, तर दहा फुटांवर पहार उडते. शेतशिवाराकडे काळी माती लागते. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम किती खोल आहे हे खोदल्याशिवाय कळत नाही. जाणता कारागीर अशा ठिकाणी माती, मुरूम आणि दगड यांचे तीन वेगळे दर ठरवतो. पाया भरण्यापूर्वी मालकासमोर खोली मोजून घेतो आणि सही घेतो, कारण बुजलेल्या पायाचे माप नंतर कोणी मान्य करत नाही.

पैसे केव्हा येतील, हे किती येतील याइतकेच महत्त्वाचे असते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला मैदानी भागात 1,20,000 रुपये मिळतात, तेही बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्त्यांनी. कारागिराचे पैसे त्याच हप्त्यांना बांधले जातात. शेतकरी मालक सोयाबीन विकून देणी भागवतो. सोंगणीच्या दिवसांत बिगारी शेतात जातात आणि त्याच वेळी मालकाला दिवाळीआधी घर हवे असते. बिगाऱ्यांना आठवड्याच्या बाजाराला पैसे द्यावेच लागतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांची मजुरी गाठीशी असल्याशिवाय ठेका घेणे धोक्याचे आहे. सावकाराच्या उचलीवर सुरू केलेला ठेका सहसा व्याजातच संपतो.

नोकरी सोडताना काय सुटते, हे ज्याच्या त्याच्या नोकरीवर अवलंबून आहे. वाळूज किंवा चाकणच्या कारखान्यातून परतलेल्या फिटरचा भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआयचा दवाखाना बंद होतो. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. ती पुरी व्हायला थोडे महिने उरले असतील तर थांबणे शहाणपणाचे. गावातल्या हजेरीच्या गवंड्याला बहुधा यातले काहीच नसते. त्याच्यासाठी महत्त्वाची आहे ती बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी. तिला मागील वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो.

बिगारी हाताखाली घेतला की कारागीर स्वतः मालक होतो. कामावर अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व 1923 च्या कायद्यापासून चालत आले आहे आणि आता ते सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. पेटी ठेक्यात जखमी मजूर वरच्या ठेकेदाराकडेही भरपाई मागू शकतो. मात्र बांधकाम हा ज्याचा धंदा नाही अशा घरमालकाच्या कामावर परांचीवरून पडलेल्या मजुराचा भार एकट्या लहान ठेकेदारावर येतो. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना हाताखालच्या प्रत्येकासाठी काढून घेणे, ही फार छोटी खबरदारी आहे.

कागदावर 'ठेकेदार' लिहिल्याने नोकर ठेकेदार होत नाही. सौराष्ट्रातल्या ध्रांगध्राचे अगरिया, म्हणजे मीठ पिकवणारे, एका कंपनीकडून मिठाच्या मापावर पैसे घेत आणि स्वतःची माणसेही लावत. तरीही कामाच्या पद्धतीवर कंपनीचे नियंत्रण आहे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्ये त्यांना कामगार ठरवले. वेळ, हत्यारे आणि पद्धत वरचाच ठरवत असेल, तर पेटी ठेकेदार म्हणवणाऱ्यालाही कामगाराचे हक्क मागता येतात.

कागदपत्रे त्यामानाने सोपी आहेत. उद्यम नोंदणी फुकट होते. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत गवंडी आणि सुतार आहेत. त्यांना पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंत कर्ज 5 टक्क्यांनी मिळते. तारतंत्र्याला स्वतःच्या नावावर वायरिंगचा ठेका घ्यायचा तर वीज ठेकेदाराचा परवाना लागतो. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी येतो. ठरावीक रकमेपुढच्या देयकातून वरचा ठेकेदार 1 टक्का आयकर कापतो आणि पॅन दिला नसेल तर 20 टक्के. कारागिराचे उत्पन्न करपात्र नसेल, तरी कापलेली रक्कम विवरणपत्र भरल्यावरच परत मिळते.