बंब, विक्रांत आणि तीस सेंटिमीटर
(दहावी १९९४ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "पंधरा मिनिटं बोल, पण कृपा करून आयटीवर नको." मी विचारलं, मग कशावर? तर म्हणे, "ते तुझं विमानं चिकटवायचं काहीतरी आहे ना, त्यावर." तेव्हा आज विमानं चिकटवण्यावर बोलते. अधूनमधून जहाज आणि रणगाडाही येईल. कंटाळा आला तर चहा मागच्या व्हरांड्यात आहे.

याची सुरुवात आपल्या बुधवारातच झाली. आमचा वाडा तांबडी जोगेश्वरीच्या मागे होता, तुमच्यापैकी बरेच जण तिथे येऊन गेला आहात. दिवाळीत वाड्यातली मुलं किल्ला करायची. दगड, विटा, वर गोणपाट, त्यावर चिखल. मला काम काय, तर अळीव पेरायचे आणि पाणी शिंपडायचं. एका वर्षी मी विचारलं, "महाराज दरवाजापेक्षा उंच आहेत, मग ते आत कसे गेले?" उत्तर मिळालं, "तू अळीव पेर."

तुळशीबागेतल्या भातुकलीत मात्र असला घोटाळा नव्हता. माझ्याकडे पितळेचा संच होता. त्यात जातं, खलबत्ता, परात आणि बंब होता. कढईच्या मापाचा झारा, पातेल्याच्या मापाचं झाकण. बंबाला धुराडं, खाली जाळायची जागा आणि एक न फिरणारी तोटी. ज्या कोणी तांबटाने तो संच केला, त्याला प्रमाण म्हणजे काय ते नक्की कळत होतं. या बंबाकडे मी नंतर पुन्हा येणार आहे.

पहिलं खरं किट हातात आलं ते २००४ मध्ये. कंपनीने सहा महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवलं होतं. शनिवार-रविवारी करायला काही नसायचं. एका खेळण्यांच्या दुकानात एअरफिक्सचा खोका दिसला, आत नॅट विमान, प्रमाण १:७२. नॅट म्हटल्यावर मला एकच नाव आठवलं, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग शेखों. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर. हवाई दलातले एकमेव परमवीरचक्र. आपल्या इतिहासाच्या बाईंनी ते सांगताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

१:७२ हे प्रमाण कुठून आलं, हे मी तेव्हा दुकानातच उभ्या उभ्या सोडवलं. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. म्हणजे सहा फुटी माणूस बरोब्बर एक इंचाचा होतो. मेट्रिकमध्ये वाढलेल्या आपल्या पिढीला विचित्र वाटतं, पण एकदा कळलं की विसरता येत नाही.

तीन आठवडे खपून ते विमान मी पूर्ण केलं. भारतीय चक्रं रंगवली, शेपटीवर तिरंगा काढला. मोठ्या कौतुकाने फोटो काढून घरी पाठवला. मामाचं उत्तर आलं, "छान. पण दोन माणसं कुठून आली?" खोक्यातलं नॅट प्रशिक्षणाचं होतं, दोन आसनांचं, इंग्रजांच्या कसरतपथकाचं. शेखोंचं लढाऊ नॅट एका आसनाचं आणि जवळजवळ एक मीटरने आखूड. या प्रमाणात तो फरक तेरा मिलिमीटरचा. इतकं रंगवून मी चुकीचंच विमान केलं होतं. ते अजून माझ्याकडे आहे. ऑफिसात नवीन मुलं आली की त्यांना दाखवते: काम सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाला नक्की काय हवंय ते विचारा.

हे मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. आमच्याच वाड्यात वरच्या खोलीत राहायचे. नौदलातून आल्यावर त्यांनी तपकीर गल्लीत एका दुकानात वर्षानुवर्षं ट्रान्सफॉर्मर गुंडाळले. तुमच्यातल्या काहींचे टेपरेकॉर्डर त्यांनी दुरुस्त केलेले आहेत, पैसे न घेता. नौदलात काय करत होते हे कोणी विचारलं तर एकच शब्द, "खाली होतो."

किट कसं करतात ते थोडक्यात सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की तुकडे जोडले की झालं. प्लॅस्टिकच्या चौकटीला सगळे भाग लगडलेले असतात, कच्च्या चिंचांसारखे. आधी ती चौकट साबणाच्या पाण्याने धुवायची, नाहीतर साच्याचं तेल राहतं आणि रंग सुटतो. भाग कापायचे, कड पॉलिश पेपरने घासायची. किटचा गोंद हा खरा गोंद नसतोच. तो प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन तुकडे एकमेकांत मुरतात, म्हणून चुकलं की सोडवता येत नाही. रंग पातळ, दोन-तीन हात. खुणा पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायच्या. आणि मला सगळ्यात आवडणारा भाग: उरलेल्या चौकटीची काडी मेणबत्तीवर धरायची, मऊ झाली की अलगद ओढायची, केसाइतकी बारीक तार तयार होते. तीच विमानाची एरियल, तीच जहाजाची दोरी. घरातले सगळे झोपल्यावर ही तार ओढण्यासारखं सुख नाही.

आणि साहित्यासाठी परदेशी वेबसाइट धुंडाळणाऱ्यांना मी सांगते, बुधवारात या. बारीक चिमटे, भिंगाचा दिवा, तांब्याची केसासारखी तार तपकीर गल्लीत. पट्ट्या, ब्रश, कटर अप्पा बळवंत चौकात. नखं घासायच्या कानशी तुळशीबागेत, दहा रुपयांत, आणि त्या परदेशी कानशींपेक्षा चांगल्या असतात. एका दुकानदाराने विचारलं होतं, "ताई, रोज एवढी नखं वाढतात?"

मघाशी आपल्या मराठीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, पण ही युद्धाची खेळणी कशाला? चांगलं घर कर, देऊळ कर." बाई, मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. आता सांगते. मी एकदा सेंच्युरियन रणगाडा केला, १:३५ मध्ये. करण्याआधी नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे तिथे गेले. भारताच्या रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र नगरलाच आहे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचा सेंच्युरियन, 'फामागुस्ता', तिथेच जपून ठेवला आहे. खेतरपाल जन्माने पुण्याचे, रेजिमेंट पूना हॉर्स. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत गेले, वय एकवीस. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण बुरूज जोडताना त्यात तीन माणसांची जागा करायची होती, तोफेच्या मागे, गोळ्यांच्या शेजारी. एक बसवला की दुसऱ्याचा गुडघा अडायचा. रणगाडा पेटला असताना त्यातून बाहेर न पडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा बोटांना कळलं. देऊळ करून हे कळलं नसतं, बाई. पण तुमचा प्रश्न संपला असं मी म्हणत नाही. माझ्या मुलीने तो रणगाडा पाहून "किती क्यूट" म्हटलं, तेव्हा मलाही कसंतरी झालं.

आता विक्रांत. मामा ज्या जहाजावर "खाली होते" ते जहाज. १९४५ मध्ये इंग्लंडात 'हर्क्युलिस' नावाने पाण्यात उतरलं, मग वर्षानुवर्षं अपुरं पडून राहिलं. आपण घेतलं आणि १९६१ मध्ये 'विक्रांत' म्हणून नौदलात आलं. लांबी सातशे फूट. १:७०० या प्रमाणात केलं तर एक फूट, म्हणजे तीस सेंटिमीटर, शाळेच्या पट्टीएवढं. तयार किट काही मला मिळालं नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या पत्र्यांतून केलं. गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन सी हॉक विमान पाहिलं, पंख कसे दुमडतात त्याचे चाळीस फोटो काढले. माझं एकेक सी हॉक पावणेदोन सेंटिमीटरचं झालं. आठ केली, कारण ४ डिसेंबर १९७१ ला सकाळी कॉक्स बाजारवर गेलेली विमानं आठ होती. सगळं मिळून चौदा महिने लागले.

त्या आधीची एक गोष्ट मला सांगायलाच हवी. खरी विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि २०१२ पर्यंत मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून उभी होती. पुण्याहून तीन तासांवर. मी मामांना दर वर्षी म्हणत होते, नेते. प्रोजेक्ट, रिलीज, मुलीची शाळा. २०१४ मध्ये जहाज दारूखान्यात तोडलं. त्यातला काही धातू आपल्या इथल्या बजाजने घेऊन २०१६ मध्ये मोटारसायकल काढली. शेजारच्या मुलाने ती घेतली तेव्हा मामा जिन्याने खाली उतरले, टाकीवर हात ठेवून मिनिटभर उभे राहिले आणि परत वर गेले. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून मॉडेल पूर्ण झाल्यावर मी ते घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी भिंगातून पुष्कळ वेळ पाहिलं. विमानं मोजली. तिरकं डेक बरोबर आहे म्हणाले. मग जहाज उचलून उलटं केलं, खालून पाहिलं, आणि म्हणाले, "आत पोकळ आहे."

मी म्हटलं, मामा, मॉडेल असंच असतं.

"मी जिथं होतो ते तुझ्या जहाजात नाहीच की."

मामा बॉयलर रूममध्ये होते. विक्रांतला चार बॉयलर. त्या दिवशी पहिल्यांदा ते सलग दोन तास बोलले. १९७० मध्ये बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमना भेगा पडल्या होत्या, वेल्डिंगने भरून येण्यासारख्या नव्हत्या. नवीन ड्रम इंग्लंडहून यायचे होते. युद्ध दिसत होतं. मग निर्णय झाला, कमी दाबावर चालवायचं. दाब कमी म्हणजे वाफ कमी, वाफ कमी म्हणजे वेग कमी. आणि विमानवाहू जहाजाला वेग हवा असतो तो पळायला नाही, तर विमान उडताना समोरून वारा मिळावा म्हणून. अशा आजारी बॉयलरवर ते जहाज बंगालच्या उपसागरात लढलं. चितगाव, कॉक्स बाजार, खुलना.

मामांनी सांगितलेली एक गोष्ट मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. विमान ढकलणारं कॅटापल्टही याच बॉयलरच्या वाफेवर चालायचं. एक विमान उडालं की वाफेच्या काट्याला हिसका बसायचा. खाली समुद्र दिसत नाही, आकाश दिसत नाही, घामाने डोळे चुरचुरतात. मामा काट्यावर विमानं मोजायचे. एक, दोन, तीन. "गेलेली कळायची," ते म्हणाले. "आलेली नाही कळायची. वरून कोणी सांगेल तेव्हा."

तर गेलं दीड वर्ष आम्ही दोघं बॉयलर रूम करतोय. १:७२ मध्ये, म्हणजे माणूस इंचाचा. याचं किट कुठे मिळणार? आम्ही तर नकाशाही शोधला नाही, मामाच नकाशा. पण इथे एक अडचण आहे. मामा आता शहात्तर वर्षांचे आहेत आणि गेल्या वर्षापासून विसरायला लागले आहेत. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. मला दोनदा आईच्या नावाने हाक मारली. आमच्या धंद्यात याला म्हणतात, सगळी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात आणि कागदावर काही नाही. दर रविवारी मी वही घेऊन बसते.

विचारलं तर आठवत नाही. "तो व्हॉल्व्ह कुठे होता?" "कोण जाणे." पण डोळे मिटायला सांगून हातात काहीतरी गोल दिलं, की हात बरोबर जागी जातो. डावीकडे, खांद्याच्या वर, अर्धा फेरा. मी मोजपट्टीने माप घेते आणि बहात्तरने भागते. तीन ड्रमचा बॉयलर कसा असतो हे मला कळेना, तेव्हा ते उठले, माळ्यावरची भातुकली काढायला लावली आणि तो पितळी बंब पुढे ठेवला. "हा तुझा बंब. खाली जाळ, मध्ये पाणी. आता याचं पोट काढ. वर एक ड्रम, खाली दोन, मध्ये नळ्यांच्या ओळी, तंबूसारख्या. जाळ त्या तंबूच्या आत." चाळीस वर्षं घरात असलेल्या बंबावरून मला विक्रांत कळली. नळ्यांसाठी तांब्याची तार त्यांच्याच जुन्या दुकानातून आणली. मालकाच्या मुलाने पैसे घेतले नाहीत.

उजवी भिंत पूर्ण झाली आहे. दाबाचे काटे, पाण्याची काच, तेलाच्या नळ्या, सगळं. डावी भिंत कोरी आहे. दोन महिने झाले, तिकडे काय होतं ते हाताला सापडत नाही. पुस्तकातून बघून काहीतरी बसवता येईल, पण मामांनी सक्त मनाई केली आहे. म्हणाले, "माझ्या वॉचला जे नव्हतं ते लावू नकोस."

बॉयलर रूम मी आज आणली आहे, वाचनालयाच्या दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. शेजारी चुकीचं नॅटही आहे. मामाही आले आहेत, दुसऱ्या रांगेत, निळा स्वेटर. त्यांना जाऊन जरूर भेटा, टेपरेकॉर्डरची आठवण द्या. नाव आठवलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. आणि शिडीला कोणी हात लावू नका, ती काल रात्रीच चिकटवली आहे.